गिरणीतल्या दोन माड्या

डिचोलीतल्या आमच्या घराची लांबी बावन्न फूट, रुंदी अठ्ठावीस. भिंती सतरा फूट उंच आणि आढे चोवीस फुटांवर. घर बांधताना कोणी अशी मापे घेत नाही. ही मापे भाताच्या गिरणीची आहेत. वडिलांनी ती चिऱ्यांत बांधली, मागच्या अंगाला भात उकडायच्या दोन टाक्या घातल्या, आणि गावोगावी विजेवरच्या लहान चक्क्या आल्यावर त्यांनीच ती बंद केली. वाटणीत ती माझ्याकडे आली तेव्हा दोन्ही भाऊ हसले. "पाड आणि स्लॅबचे घर बांध," एवढाच सल्ला त्यांच्याकडे होता.

मी पाडली नाही. खाणीवर खनिजाचे ढीग मोजायची माझी नोकरी होती. मोजल्याशिवाय मी कशालाच वाईट किंवा चांगले म्हणत नाही. दोन रविवार टेप घेऊन मी त्या गिरणीत काढले. भिंत दीड फूट जाड, एकही तडा नाही. छपराच्या लोखंडी कैच्या चार, चारही सरळ. कौले बदलावी लागणार होती, बाकी इमारत आमच्यापेक्षा धडधाकट होती.

तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी, बायको आणि दोन मुली. थोरली अकरावीत. तिचा अभ्यास कपाटाच्या मागे चाले, कारण कपाटाच्या पुढे आम्ही जेवत असू. घरमालकाचा मुलगा आखातातून परत येणार होता आणि त्याने गणेशचतुर्थीच्या आत खोल्या रिकाम्या मागितल्या होत्या. मी थोरलीला सांगितले, "बारावीला तू तुझ्या खोलीत बसशील." मी सहसा शब्द देत नाही. हा दिला.

पणजीचा एक आराखडे काढणारा गृहस्थ होता, त्याने गिरणी पाहिली आणि खूश झाला. खाली भिंतीच नकोत म्हणाला. स्वयंपाक, जेवण, बैठक सगळे एकाच दालनात, मोठ्या शहरांत आता असेच करतात. बायको हळर्णची, तोंडाने फटकळ.

"म्हणजे सोयऱ्यांमुखार हांव फोडणी घालूं?"

"वहिनी, घर मोकळे वाटते."

"आणि बांगडे भाजले की सगळ्या घराक वास. तोय मोकळो."

शेवटी चुलीभोवती चार फुटांची अर्धी भिंत ठरली. बाकी दालन उघडेच. निजायच्या खोल्या वर: पूर्वेला सोळा फुटांची एक माडी, पश्चिमेला सोळा फुटांची दुसरी, मधले वीस फूट थेट कौलांपर्यंत रिकामे. पूर्वेची माडी फळ्यांच्या भिंतीने दुभागून दोन्ही मुलींना, पश्चिमेची आम्हाला. गिरणीचा पट्टा फिरवणारा लांब दांडा ज्या लोखंडी हातांवर बसवलेला होता ते हात भिंतीत नऊ फुटांवर पक्के होते. त्यांच्यावरच तुळ्या टाकायच्या. मला ती कल्पना फार आवडली होती, अजूनही आवडते. माझा राग त्या घरावर नाही.

राग एका शब्दावर आहे, आणि तो शब्द मीच लिहिला.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तीन-चार वर्षे झाली होती. कोंकणी राजभाषा झाली होती. त्याच्या आधीच्या भांडणात मी मराठीच्या बाजूने मोर्चात चाललो होतो. घरी आम्ही बोलायचो कोंकणीच, पण शाळा मराठी, पोथी मराठी, वडिलांच्या गिरणीची वहीसुद्धा मराठी. आराखडेवाला म्हणाला, "अर्ज इंग्रजीत करा, लवकर होते." मी म्हटले, मराठीत केलेला अर्ज घ्यायला ते बांधील आहेत. आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: "सदर जुन्या गिरणीचे राहत्या घरात रूपांतर करून आत दोन माड्या घालावयाच्या आहेत."

माडी म्हणजे वरचा मजला. आमच्या बोलीत माडी म्हणजे सुपारीचे झाडसुद्धा. माड नारळाचा, माडी सुपारीची. जन्मभर आम्ही दोन्ही अर्थांनी हा शब्द वापरला. "माडयेर चड" म्हटल्यावर कोणी झाडाकडे पळाले नाही आणि "माडयेक उदक घाल" म्हटल्यावर कोणी बादली घेऊन जिना चढले नाही. तोंडाने कधी चूक झाली नाही, म्हणून कागदावर होईल असे माझ्या मनातही आले नाही.

दोन महिन्यांत परवानगी आली. इंग्रजीत, एका पानाची. "अर्जात नमूद केल्याप्रमाणे काम करण्यास हरकत नाही," आणि मागे अटी. मी अटी वाचल्या, क्रमांक उतरून घेतला आणि काम सुरू केले.

गवंडी दोडामार्गाकडचा, चिऱ्याच्या कामातला पक्का. इंजिनाचा काँक्रीटचा ओटा नऊ फूट लांब, चार रुंद आणि जमिनीच्या वर अडीच फूट होता. तो फोडायला मी सांगितले. त्याने दोन दिवस घण घातले, मग घण टाकून म्हणाला, "साहेब, हो फोडूक गेलात तर घर जातला, हो थंयच रवतलो." तो ओटा राहिला. उकडायच्या एका टाकीची न्हाणी केली, दुसरीत पाणी साठवले. गाड्या आत यायचा दहा फुटी दरवाजा बुजवून तिथे खिडकी म्हणून मोठे जनेल बसवले. वर कुठेही ठोकले की वीस वर्षांचा कोंडा खाली यायचा. बायको रोज झाडायची आणि रोज म्हणायची, "तुमच्या बापायन हितके तांदूळ विकले, कोंडो मात सगळो दवरून गेलो."

श्रावणात माड्या तयार झाल्या. फळ्यांची जमीन, पंधरा पायऱ्यांचा लाकडी जिना, दोन्ही माड्यांना जोडणारी भिंतीलगतची अरुंद वाट. थोरलीने आपल्या खोलीत टेबल कुठे ठेवायचे ते खडूने आखले. आता फक्त पाहणी व्हायची होती. पाहणी झाली की राहण्याचा दाखला, दाखला मिळाला की घर क्रमांक, क्रमांक मिळाला की वीज.

पाहणीला एक इन्स्पेक्टर आला. भला माणूस होता, घामाने भिजलेला, काखेत फाइल. त्याने अंगण पाहिले, मागची बाजू पाहिली, विहिरीपर्यंत जाऊन आला. मग मला विचारले,

"माडयो खंय आसात?"

"वर."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. तो जिना."

त्याने मान वर करून कौलांकडे पाहिले. "घरा भितर माडयो लायल्यो?"

गवंडी तिथेच चुना कालवत होता. तो म्हणाला, "लावलव नाय साहेब, ठोकलव. साडेतीन इंची खिळे मारून ठोकलव."

इन्स्पेक्टरने फाइल उघडून माझ्यासमोर धरली. माझ्या मराठी अर्जावर एका कारकुनाने कोंकणीत सारांश लिहिला होता: गिरणीचें घर करप आनी दोन माडयो घालप. इथवर ठीक होते. त्या सारांशावरून तिसऱ्या कोणी इंग्रजी टिपण टंकले होते, आणि त्यात स्पष्ट लिहिले होते की अर्जदार आवारात सुपारीची दोन झाडे लावणार आहे. हा तिसरा फोंड्याकडचा, ज्याच्या घरी सुपारीचे कुळागर, म्हणजे बाग, आहे असा. त्याला माडी म्हटल्यावर झाडच दिसले. परवानगी त्या टिपणावर दिलेली. म्हणजे मला घर करायची आणि सुपारी लावायची परवानगी होती. वरचा मजला करायची नव्हती.

"नकाशा बघा," मी म्हटले. "दुसऱ्या पानावर माड्या काढलेल्या आहेत."

फाइलीत दुसरे पान नव्हते. अर्जाच्या पोचपावतीवर "नकाशे – एक संच" लिहिलेले होते. किती पानांचा संच ते लिहिलेले नव्हते. आयुष्यभर ढिगांची मापे घेणाऱ्या माणसाने ती पावती खिशात घालताना पाने मोजून लिहून घेतली नव्हती. हे मी इथे लिहितो कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात सगळा दोष दुसऱ्यांचा वाटेल.

इन्स्पेक्टरने अहवाल दिला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. सुपारीची झाडे : शून्य. विनापरवाना वरचे मजले : दोन. पंधरा दिवसांनी आदेश आला: वरच्या मजल्यांचा वापर करू नये, तिथे जाण्याचा मार्ग काढून टाकावा, खुलासा करावा.

मी कचेरीत गेलो. मोठा कारकून माझ्याच वयाचा होता, पान खाऊन बोलणारा.

"तुमी माडी म्हणलें, आमी माडी बरयलें," तो म्हणाला. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच आम्ही लिहिले. "एक अक्षर लेगीत बदलूंक ना."

"मग इंग्रजीत सुपारी कुठून आली?"

"इंग्लिशींत माडयेक कितें म्हणटात?"

"कुठल्या माडीला?"

"तेंच म्हणटां हांव," तो म्हणाला, आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. मग आवाज खाली आणून त्याने वाट सांगितली. एक नवा अर्ज, इंग्रजीत किंवा कोंकणीत, दोन ओळींचा. माडी हा शब्द टाळायचा. महिन्याभरात काम. तेही नको असेल तर माडीच्या जमिनीपासून पाच फुटांवर फळ्यांची तक्तपोशी, म्हणजे छत, मारून घ्या, मग ती माडी ठरत नाही, सामान ठेवायचा माळा ठरतो, आणि माळ्याला परवानगी लागत नाही.

"माझी मुलगी पाच फूट तीन इंच आहे," मी म्हटले.

"बागवून चलूं."

वाकून चालू दे! मी तिथून निघालो. नवा अर्ज देणे म्हणजे जुना चुकीचा होता असे कबूल करणे. जुना चुकीचा नव्हता. मराठी वाचता येणाऱ्या कुठल्याही मुलाला "घरात माड्या घालणे" याचा अर्थ विचारा. गिरणीच्या आत सुपारी कोण लावतो? ज्याला एवढे कळत नाही त्याच्या सोयीसाठी मी माझी भाषा बदलायची? मी घरी येऊन चार पानांचे पत्र लिहिले. मराठीत. शब्दकोशातला अर्थ दिला, मापे दिली, तुळ्यांची संख्या दिली. त्या पत्राचाही सारांश लिहिणाऱ्या त्याच पहिल्या कारकुनाने कोंकणी सारांश केला, एका ओळीत: अर्जदार माडयांविशीं परत विचारता. त्यावरून ते पत्र शेतीच्या कचेरीकडे गेले. तिथून मला सुपारी लागवडीचे पत्रक आले. दोन झाडांत नऊ फूट अंतर ठेवावे. माझी एक माडी सोळा बाय अठ्ठावीस. काठापासून धरले तर तिच्यात आठ झाडे बसली असती. हे गणित मी रागाने केले, पण केले.

आणि जिना काढला. आदेशात लिहिले होते म्हणून काढला. सुताराला बोलावून पंधराच्या पंधरा पायऱ्या उतरवल्या, नंबर घालून भिंतीला लावून ठेवल्या. डिचोलीतल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाने हे केले नसते. शेजारी येऊन सांगून गेले, "शिडी लाव आनी चड. कोण येता पळोवंक?" खरेच कोणी पाहायला येणार नव्हते. पण मी म्हटले, चूक त्यांची आहे, मी कायदा मोडून ती माझी करणार नाही. खाणीवर तर चेष्टाच झाली. ढिगाजवळ पोचलो की ट्रकवाले ओरडायचे, "कितें भाटकार, माडयांक उदक घातलें मरे?" भाटकार म्हणजे बागाईतदार. एकाने सुपारीची दोन रोपे पिशवीत घालून माझ्या मेजावर ठेवली. ती मी त्याच्याच ट्रकच्या मागच्या चाकाखाली ठेवून आलो.

चतुर्थीच्या आधी भाड्याच्या खोल्या सोडाव्याच लागल्या. आम्ही गिरणीत राहायला आलो, आदेशात खाली राहायची बंदी नव्हती. वीज नव्हती. आत आडभिंती नव्हत्या. बावन्न फुटांच्या त्या उघड्या दालनात चार माणसे, चार खाटा, आणि डोक्यावर दोन रिकाम्या माड्या. थोरलीने इंजिनाच्या ओट्याभोवती दोरीवर चादरी बांधल्या आणि त्याच्यावर पुस्तके मांडली. जमिनीवर बसून लिहायला ओटा उंच होता आणि वर बसायला थंड. धाकटी चादरीच्या आत डोकावायची, बायको पलीकडे मसाला वाटायची, मी अलीकडे खोकायचो. बारावीचे वर्ष तिने तिथे कंदिलावर काढले. वर टेबलासाठी खडूने आखलेली जागा तशीच होती.

मी दर पंधरवड्याला कचेरीत जायचो. एकूण सतरा वेळा गेलो. तिथे मराठीसाठी भांडायचो, आणि भांडायचो कोंकणीत, कारण राग आला की मला दुसरी भाषा येत नाही. एकदा मोठ्या साहेबांनी आत बोलावले. शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचे म्हणणे बरोबर आहे." चक्क मराठीत. मी म्हटले, तसे लिहून द्या. ते म्हणाले, "लिहून दिले तर आमच्या माणसाची चूक ठरते. तुम्ही नवा अर्ज द्या ना." म्हणजे चूक कोणाची हे दोघांनाही ठाऊक होते, आणि फक्त सही कोणी करायची यावर सगळे अडून होते. तेही अडले होते आणि मीही.

त्या दिवशी घरी येऊन मी हे बायकोला विजयाने सांगितले. साहेबांनी मान्य केले म्हणून.

"आयकलें?" ती म्हणाली. ती मला अशीच हाक मारते. "तुमकां घर जाय की जबाब जाय?"

"दोन्ही हवे."

"मग बसा. चलीचें वर्स गेलें."

मुलीचे वर्ष गेले नव्हते, परीक्षा अजून व्हायची होती. हे मी तिला तारखांसकट पटवून दिले. ती उठून मसाला वाटायला गेली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मे महिन्यात एका दुपारी थोरली माझ्यासमोर कागद घेऊन आली. वहीच्या पानावर तिच्या अक्षरात इंग्रजीत दोन ओळी: जुन्या इमारतीच्या आत, जमिनीपासून नऊ फूट आठ इंचांवर, दोन लाकडी मजले. सोबत नकाशे, पाने दोन. खाली माझे नाव आणि सहीसाठी जागा.

मी म्हटले, "हांतूंत माडी खंय आसा?"

"ना. मुद्दाम ना."

"म्हणजे चुकलो तो मी?"

"तुमी चुकले अशें कोणें म्हणलें, बाबा? माका वयर न्हिदूंक जाय. हितकेंच."

मला वर झोपायचे आहे, एवढेच. ती रडली नाही, तिचा आवाजही चढला नाही. मला तिचा राग आला, खोटे कशाला लिहू. आठ महिने मी लढलो ते कोणासाठी, असे तोंडापर्यंत आले. पण तिने कागदावर उंची इंचापर्यंत बरोबर लिहिली होती. पंधरा पायऱ्या भिंतीला लावून ठेवलेल्या असताना तिने ती कशी मोजली ते विचारायचे धाडस मला झाले नाही. मी सही केली.

एकोणीस दिवसांत परवानगी आली. पान खाणाऱ्या त्याच मोठ्या कारकुनाने हसत दिली. सुताराने नंबरप्रमाणे पायऱ्या लावल्या, अर्धा दिवस लागला. थोरली उशी घेऊन वर गेली.

जूनमध्ये तिला बेळगावला प्रवेश मिळाला. वसतिगृह होते. ती तिच्या खोलीत अकरा दिवस राहिली. दिवाळीला आली तेव्हा गादी खाली घेऊन आली, आईच्या खाटेजवळ टाकली. म्हणाली, तिथे आम्ही आठजणी एका खोलीत असतो, आता एकटीला झोप लागत नाही.

मी अजूनही म्हणतो की अर्ज बरोबर होता. कोणी विचारले तर मी ती प्रत काढून दाखवतो. कचेरी चुकली, टंकणारा चुकला, आणि ज्याने चूक ओळखली त्याला ती लिहून देण्याची लाज वाटली. यातले एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण दोनशे पंच्याऐंशी दिवस तो जिना भिंतीला टेकून उभा होता, आणि तो काढायला कचेरीतून कोणीही आले नव्हते. तो मी काढला होता.